काखेचा घाम : लाज नको, माहिती हवी

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं हे भाषण. ज्यांचं ऐकायचं राहून गेलं, त्या मैत्रिणींसाठी इथे देत आहोत.)

आज जरा अवघड विषय घेऊन बसले आहे. हा विषय निघाला की आपण पदर सावरतो आणि हात अंगाशी घट्ट धरतो. काखेत येणारा अतोनात घाम आणि त्यावर हल्ली शहरात मिळणारं इंजेक्शन, याबद्दल आज बोलू या.

मी आरोग्य सेविका म्हणून बरीच वर्षं काम केलं. आता निवृत्त आहे आणि आमच्या गावच्या बचत गटात आहे. गेल्या वर्षीची गोष्ट. गटाच्या मासिक बैठकीत एका ताईने १५ हजार रुपयांचं कर्ज मागितलं. कशासाठी, तर मुलीच्या घामाच्या इंजेक्शनसाठी. सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "उन्हातान्हात खुरपायला जातो, आम्हाला घाम येत नाही व्हय?" दुसरी म्हणाली, "हे श्रीमंतांचे चोचले." खरं सांगते, मीही हसले. इतकी वर्षं सुई हातात धरलेली बाई मी, पण घामाला इंजेक्शन असतं हे काही माझ्या डोक्यात बसेना.

ती ताई काही बोलली नाही. बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही तरी हसायला नको होतं." मग तिने सगळं सांगितलं. मुलगी तालुक्याला साडीच्या दुकानात कामाला. वरच्या कप्प्यातली साडी काढायला हात वर केला की काखेपासून कमरेपर्यंत कपडा ओला. पंख्याखाली बसली तरी ओला, थंडीच्या दिवसांतही ओला. पिशवीत रोज दोन जादा कुडते. मालकाने एकदा गिऱ्हाइकांसमोरच तिला सुनावलं. तेव्हापासून ती गल्ल्याच्या मागे बसून घड्या घालायची आणि पगार कमी घ्यायची. लग्नाच्या बोलण्यांनाही नकोच म्हणायची.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे जे ऐकलं, पाहिलं आणि पुढे वर्षभरात जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

घाम येतो कसा?

आपल्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. अंग तापलं की मेंदू नसांमधून निरोप धाडतो. नसेच्या टोकाशी एक रसायन सुटतं, ते ग्रंथीला सांगतं, "घाम सोड." घाम वाळतो तसं अंग थंड होतं. माठातलं पाणी गार होतं ना, अगदी तसंच.

ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. काखेतले जंतू त्या घामावर वाढतात, तेव्हा वास येतो. म्हणून वास आणि घाम या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कुणाला घाम थोडा पण वास फार, तर कुणाला घामाच्या धारा पण वास नाही. इलाजही वेगवेगळे.

काही जणींच्या बाबतीत हा निरोप गरज नसतानाच जात राहतो. ग्रंथी चांगल्या, नसही चांगली, पण निरोपावर निरोप. नळाची तोटी खराब झाली की कळशी भरली तरी पाणी वाहतच राहतं, तसं. डॉक्टर याला अतिघाम म्हणतात. हा आजार आहे. अस्वच्छतेमुळे तो होत नाही, आणि मुलगी घाबरट आहे म्हणूनही होत नाही. मात्र ताण आला की वाढतो, हे खरं. आणि घामाच्या धास्तीनेच पुन्हा घाम येतो, असं चक्र सुरू होतं.

आपला घाम जास्त आहे हे कसं ओळखायचं?

डॉक्टरांनी त्या मुलीला काही साधे प्रश्न विचारले. तुम्हीही स्वतःला विचारून बघा. सहा महिन्यांहून जास्त काळ त्रास आहे का? दोन्ही काखांत सारखाच येतो का? आठवड्यातून एकदा तरी येतो का? वयात येताना किंवा पंचविशीच्या आत सुरू झाला का? घरात आई, मावशी, आत्या, भाऊ यांपैकी कुणाला आहे का? झोपेत थांबतो का? आणि कामात अडथळा येतो का? सहा महिन्यांचा त्रास असून बाकीच्यांपैकी दोन-तीन उत्तरं "हो" आली, तर हा बहुधा जन्मजात ठेवणीतला अतिघाम. तो त्रासदायक असतो, पण जिवाला धोका नसतो.

त्रास किती आहे हे मोजायला डॉक्टर चार पायऱ्या धरतात. पहिली : घाम जाणवत नाही, कामात अडत नाही. दुसरी : सहन होतो, पण कधीकधी अडतं. तिसरी : जेमतेम सहन होतो, वारंवार अडतं. चौथी : सहनच होत नाही, कायम अडतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या बाईने डॉक्टरकडे जावं. आमची मुलगी चौथीवर होती.

हा घाम मात्र दुसऱ्याच आजाराचा

हा भाग नीट ऐका, कारण जीव वाचवणारा भाग हाच आहे. घाम सगळ्या अंगाला येतो, रात्री झोपेत अंथरूण भिजतं, किंवा वय वाढल्यावर अचानक सुरू झाला, तर काखेचा इलाज शोधत बसू नका. आधी कारण शोधा.

रात्रीचा घाम, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं आणि दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर टीबीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनही वजन घटतं, उकाडा सोसवत नाही, तर थायरॉइड तपासा. पाळी जाण्याच्या वयात अचानक गरम वाफा येऊन घाम सुटतो, त्याचा इलाज वेगळा. काही गोळ्यांमुळेही घाम वाढतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईला अचानक घाम फुटला, हातपाय कापले, डोकं गरगरलं, तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्या आणि दवाखान्यात न्या. छातीत दडपण येऊन गार घाम सुटला, तर घरात वारा घालत बसू नका. १०८ ला फोन करा.

आधी स्वस्तातला इलाज

आम्हाला वाटलं, डॉक्टर लगेच इंजेक्शन देतील. त्यांनी थायरॉइड आणि साखर तपासायला सांगितली. दोन्ही ठीक निघाल्यावर एक औषध लिहून दिलं, अॅल्युमिनियम क्लोराइडचं. ते घामाच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी बूच बसवल्यासारखं काम करतं.

ते लावायची रीत महत्त्वाची. रात्री झोपताना लावायचं, कारण तेव्हा घाम कमी असतो. काख अगदी कोरडी हवी. आंघोळ करून लगेच लावलं तर आग होते. सकाळी धुऊन टाकायचं. केस काढल्यावर एक-दोन दिवस लावायचं नाही. फरक पडेपर्यंत रोज रात्री, मग आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. खाज किंवा आग झाली तर मधे खाडे करायचे आणि डॉक्टरांना सांगायचं.

दुकानात दोन प्रकारचे फवारे आणि कांड्या मिळतात. साधा डिओडरंट फक्त वास दाबतो. "अँटिपर्स्पिरंट" लिहिलेला असेल तो घामही कमी करतो. विकत घेताना डबीवर वाचा, नाहीतर पैसे वासाचे द्याल आणि वाट घाम थांबायची पाहाल. सोबत सुती, सैल कपडे घाला. ब्लाउजच्या काखेत आतून सुती कापडाची घडी टाके घालून लावा, रोज काढून धुता येते.

पुष्कळ जणींचं एवढ्यावर भागतं. आमच्या मुलीला निम्माच फरक पडला आणि काख लाल होऊ लागली. पोटात घेण्याच्या गोळ्याही असतात, पण त्यांनी तोंड कोरडं पडतं, लघवीला अडतं आणि सगळ्या अंगाचा घाम कमी होतो. उन्हात राबणाऱ्या बाईला हे धोक्याचं ठरू शकतं. म्हणून मनाने गोळ्या घेऊ नका. यानंतर डॉक्टरांनी इंजेक्शनचा विषय काढला.

हे इंजेक्शन आहे तरी काय?

त्याचं नाव बोट्युलिनम टॉक्सिन. बोलीत सगळे बोटॉक्स म्हणतात, तो त्यातला एक ब्रँड आहे. टॉक्सिन म्हणजे विष. दचकलात ना? मीही दचकले.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत खराब झालेल्या सॉसेजमुळे, म्हणजे मसाला भरून ठेवलेल्या मांसाच्या नळीमुळे, माणसं दगावत होती. यूस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने १८२०च्या सुमारास हे रोगी बारकाईने पाहिले. स्नायू ढिले पडतात, गिळता येत नाही आणि कातडी कोरडी पडते, असं त्याने लिहून ठेवलं. हे विष फार थोडं वापरलं तर औषध होऊ शकेल, हेही त्याने सुचवलं. पुढे १८९५ साली बेल्जियममध्ये अशाच एका विषबाधेचा शोध घेताना एमिल व्हॅन एर्मेन्गेम यांना विष तयार करणारा जंतू सापडला. अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी हे औषध वापरून दाखवलं. १९८९ साली तिथे त्याला डोळ्यांच्या विकारांसाठी मान्यता मिळाली आणि २००४ साली काखेच्या तीव्र अतिघामासाठी. चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी नट्या घेतात ते हेच औषध. म्हणून आपल्याला ते चोचले वाटतात.

काखेत ते काय करतं? मघाशी सांगितलं, नसेच्या टोकाशी एक रसायन सुटतं आणि ग्रंथीला निरोप मिळतो. हे औषध ते रसायन सुटूच देत नाही. निरोप पोचत नाही, ग्रंथी गप्प बसते. ग्रंथी मरत नाही, काही महिन्यांनी नस पुन्हा कामाला लागते आणि घाम परत येतो. हा इलाज कायमचा नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

देतात कसं?

आदल्या दिवशीपासून काखेला डिओडरंट लावायचा नसतो. आधी काखेत आयोडीन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरतात. जिथे घाम येतो तिथे रंग निळा-काळा होतो. शाळेत मुलं बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकतात आणि ती निळी-काळी होते, तोच हा प्रयोग. मग त्या जागेवर एक-दोन सेंटिमीटर अंतराने पेनने ठिपके काढतात, रांगोळीचे काढतो तसे.

इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक सुई असते. कातडीच्या आतल्या थरात, वरच्यावर, एका काखेत साधारण १० ते १५ ठिकाणी थेंब-थेंब औषध सोडतात. बोटॉक्स या ब्रँडचं माप एका काखेला ५० युनिट, दोन्ही मिळून १००. दुसऱ्या ब्रँडचे युनिट वेगळे असतात, त्यांची एकमेकांशी तुलना करायची नसते. सुया टोचताना दुखतं. हवी तर आधी बधिर करणारी मलम लावतात. आमच्या मुलीने माझा हात धरून ठेवला होता, पण ओरडली नाही. तासाभरात आम्ही बाहेर. भरती व्हावं लागत नाही.

आठवडाभरात फरक जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पुरता कळतो. परिणाम सरासरी सहा-सात महिने टिकतो. कुणाला चार महिने, कुणाला वर्षभर.

त्रास कोणते, आणि कुणी घेऊ नये?

टोचल्या जागी दुखणं, थोडं रक्त येणं, काळंनिळं पडणं हे दोन-चार दिवसांत जातं. काहींना दुसरीकडे, पाठीला किंवा कपाळाला, घाम जास्त जाणवतो. फार क्वचित औषधाचा परिणाम दूर पसरतो. तेव्हा गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो, बोलणं अडखळतं, पापण्या जड होतात, अंगात अशक्तपणा येतो. हे काही तासांनी होऊ शकतं, काही आठवड्यांनीही होऊ शकतं. असं झालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि कोणतं इंजेक्शन घेतलं ते सांगा.

गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने हे घेऊ नये, थांबावं. स्नायूंचा किंवा नसांचा आजार असेल, काखेत जखम, गजकर्ण किंवा काखमांजरी असेल, आधी अशा इंजेक्शनची अॅलर्जी आली असेल, तर घेऊ नये. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा कसलीही अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील तर आधी सांगावं. १८ वर्षांखालच्या मुलींसाठी आपण होऊन मागणी करू नये.

ज्या १५ हजारांवरून आम्ही हसलो, ते कुठे जाणार होते?

आता मी जी गोष्ट सांगायला आले, ती ही. ते पैसे कुठल्या दवाखान्यात जाणारच नव्हते. तालुक्यातल्या एका पार्लरने मुलीला सांगितलं होतं, "आम्ही शहरातून औषध मागवतो, इथेच टोचतो, एकदा घेतलं की घाम कायमचा बंद." बाटली यायची एसटीने, पिशवीतून, मे महिन्यात.

हे औषध भुकटीच्या रूपात फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. सलाइनमध्ये कालवलं की २४ तासांत वापरायचं असतं. पिशवीतून आलेल्या बाटलीत औषध उरलं होतं की नुसतं पाणी, कोण सांगणार? जास्त पडलं असतं तर? काही झालं असतं तर श्वासाचा त्रास ओळखणारं तिथे कोण होतं? आम्ही बैठकीत हसून तिला लाजवलं आणि ती त्याच दाराकडे निघाली होती. दवाखान्याचा रस्ता तिला कुणी दाखवलाच नव्हता.

म्हणून इतकं पाळा. इंजेक्शन त्वचारोगाची पदवी असलेल्या डॉक्टरकडूनच घ्या. बाटली समोर फोडायला सांगा. ब्रँडचं नाव आणि मुदतीची तारीख वाचा, किती युनिट दिले ते कागदावर लिहून मागा, पावती घ्या. "कायमचा बरा करतो" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग असतो. इंजेक्शन तिथे मिळो न मिळो, तपासणी आणि खरा सल्ला नक्की मिळतो.

पैशाचा हिशेब

खर्च ब्रँडवर, शहरावर आणि डॉक्टरवर ठरतो, म्हणून दोन ठिकाणी विचारा आणि औषधासह एकूण किती, असं विचारा. पण कर्ज काढण्याआधी हे गणित करा. १५ हजारांचं कर्ज, महिन्याला दीड हजार मुद्दल, म्हणजे १० हप्ते. शेकडा दोन रुपये व्याजाने पहिल्याच महिन्याला ३०० रुपये व्याज. आणि औषधाचा परिणाम सरासरी सहा-सात महिन्यांचा. म्हणजे हप्ते संपायच्या आत घाम परत दारात. एकदा घेणं परवडलं तरी दरवर्षी परवडेल का, हा प्रश्न आधी विचारा.

त्या मुलीने कर्ज घेतलं नाही. आधी लावायचं औषध वापरलं, पगारातून थोडे थोडे बाजूला टाकले आणि मग जिल्ह्याला जाऊन एकदा इंजेक्शन घेतलं. सात महिने काख कोरडी राहिली. त्या सात महिन्यांत ती गल्ल्यामागून पुढे आली, साड्या दाखवू लागली, पगार वाढला. आता घाम परत आलाय, पण पहिल्याइतकी धास्ती नाही. रात्री औषध लावते, पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा घ्यायचं की नाही ते ती ठरवेल. आईला सांगते, "आता मला कळलंय, हा माझा दोष नाही."

तुमचे दोन प्रश्न

एका ताईने विचारलंय, घाम बंद केला तर अंगातली घाण आत राहील का? नाही. अंगातली घाण काढायचं काम मुख्यतः मूत्रपिंड आणि यकृत करतात. काख म्हणजे अंगाचा अगदी छोटा भाग. तिथला घाम थांबला तरी बाकी अंग घाम सोडून शरीर थंड ठेवतं.

दुसरा प्रश्न, तुरटी लावली तर? तुरटीतही अॅल्युमिनियम असतं आणि सौम्य त्रास असेल तर तिने थोडा फरक पडतो. पण तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या घामाला ती पुरत नाही. चिरलेल्या कातडीवर घासू नका, झोंबेल.

आमच्या गटाने आता एक ठरवलंय. औषधपाण्यासाठी कुणी कर्ज मागितलं की हसायचं नाही, आधी विचारायचं, "डॉक्टरला दाखवलं का? कुणी सोबत येऊ का?" तुमच्या गटातही कुणी मुलगी हात अंगाशी घट्ट धरून कोपऱ्यात बसत असेल. तिला चारचौघींत विचारू नका. घरी जाताना तिच्याबरोबर चार पावलं चाला, आणि मग विचारा.